बंद घर, तोंडावर गणपती आणि दोन किलो बेकिंग सोडा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं ना, की आंजर्ल्याकडचं वडिलांचं घर मे अखेरीला बंद करून डोंबिवलीला गेलात, आता चतुर्थीच्या चार दिवस आधी येऊन उघडणार, गेल्या वर्षी कपाटात बुरशी, गाद्यांना कुबट वास, समई नि ताम्हण काळंठिक्कर, न्हाणीच्या नळांवर पांढरे थर असा सगळा थाट होता, म्हणून यंदा व्हिडिओ बघून दोन किलो बेकिंग सोडा आणि पाच लिटर व्हिनेगर घेऊन ठेवलंय, तर ते कसं कुठे वापरायचं.

सोडा राहू दे, कामाला येईल. व्हिनेगर मात्र पाच लिटर कशाला घेतलंत देव जाणे, एक लिटर पुरे होतं. बाकीच्या आंबट कामांना किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, निंबूफूल म्हणतात बघा, साखरेसारखं दाणेदार, ते पाण्यात घातलं की झालं, नाकात जाणारा वास नाही आणि बाटल्या एसटीतून सांभाळत आणायला नकोत. मी दापोली तालुक्यातच गेली १९ वर्षं घरगुती होमस्टे चालवते, चार खोल्या, त्याच्या आधी सासरचं नऊ खणांचं घर एकटीने झाडून-पुसून काढलंय, त्यामुळे यातले बहुतेक उद्योग मी स्वतः करून, काही वेळा चांगलीच फजिती करून घेऊन, मगच सांगतेय.

आधी तो फेसाचा विषय संपवते. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फस्स करून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं वा, काय घाण निघतेय. तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच. सोडा खाराच्या जातीचा, व्हिनेगर आंबट, दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात आणि खाली उरतं ते सोडियम ॲसिटेट नावाचं एक मीठ विरघळलेलं पाणी, त्याने ना तेल निघत ना क्षार. म्हणजे दोन चांगल्या वस्तू घेऊन एक निकामी वस्तू केली. वेगवेगळे वापरा, दोघंही कामाचे आहेत.

माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण त्यांच्या मोरीच्या कट्ट्यावर तीन गोष्टी कायम असायच्या, चुलीतली चाळलेली राख, आमटीला कोळ काढून उरलेला चिंचेचा चोथा आणि नारळाचं सोडण. तेलकट भांडं आलं की राख, काळं पडलेलं तांब्या-पितळेचं आलं की चिंच, आणि घासायला सोडण. त्यांना कुणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं पण त्यांचं कधी चुकलं नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते खार, ते तेलाला लागलं की तेलाचा थोडा साबणच होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. चिंचेत टार्टारिक ॲसिड, ते धातूवरचा काळा थर विरघळवतं. मी पण अजून हेच धरून चालते, समोरची घाण तेलाची आहे, क्षाराची आहे, जिवंत आहे म्हणजे बुरशी-शेवाळ, की नुसता रंग चढलाय, हे आधी बघायचं आणि मग हातात काय घ्यायचं ते ठरवायचं. तेलाला खार. क्षाराला नि गंजाला आंबट. बुरशीला कोरडेपणा, आणि रंगाला बहुतेक वेळा ऊन.

यात बुरशीचं तुम्हाला सगळ्यात जड जाणार, म्हणून तेच नीट सांगते.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत मिठाची बरणी उघडून बघा, मीठ पाझरून खाली पाणी झालेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. आता जिथे मिठाचं पाणी होतं तिथे बंद कपाटातल्या कोटाचं नि सतरंजीचं काय होणार. त्यामुळे बुरशी पुसून घर साफ होतं हा गैरसमज आधी काढून टाका. पुसलेली बुरशी आठ दिवसांत परत येते, वाळवलेल्या जागी येत नाही.

पहिल्या दिवशी आलात की चहा करायच्या आधी सगळी दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास पडवीत बसा. खरंच बसा. बंद खोलीत बुरशीचे कण भरून असतात आणि माणूस आल्या आल्या केरसुणी घेऊन फटाफट झाडायला लागतो, ते सगळं उडून छातीत जातं, दमा असेल तर दोन दिवस आडवाच. बुरशी कधीही कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची, नाकावर रुमाल नाहीतर मास्क बांधून.

आणि उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर तिथेही झाडू नका. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचे, पेशंट असतात, तो उंदराच्या मुतातून पसरतो, हाताला पायाला चीर असेल तिथून आत जातो. लिक्विड ब्लीच एक वाटी आणि पाणी नऊ-दहा वाट्या असं करून त्यावर शिंपडायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग रबरी हातमोजे घालून जुन्या कागदाने उचलायचं आणि मग पुसायचं. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरला हे उंदराचं आधी सांगा, डोंबिवलीचा डॉक्टर आपणहून विचारणार नाही.

आता कपाटं. इथे तुमचं व्हिनेगर लागेल, आणि पाणी न घालता लागेल. स्प्रेच्या बाटलीत भरून लाकडावरच्या बुरशीवर मारा, तासभर तसंच राहू दे, मग ओलसर फडक्याने पुसून घ्या आणि दार सताड उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावा, निदान चार तास. सगळ्या जातीची बुरशी याने मरत नाही पण बरीचशी मरते. पॉलिशच्या लाकडावर आधी कोपऱ्यात मारून बघा, एखाद्या पॉलिशवर पांढरट डाग उठतो. लिंबूसत्त्व इथे वापरू नका, ते क्षाराला उत्तम पण बुरशीपुढे त्याचं काही चालत नाही. आणि पहिलं काम म्हणजे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा! भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाची पाठ जन्मात वाळत नाही, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, जिच्यावर पावसाचा मारा असतो. गेल्या वर्षी तुमची बुरशी कुठल्या कपाटात होती ते आठवून बघा, मी पैज लावते पश्चिमेचंच असणार.

कपाटात ओल धरायला काय ठेवायचं यावर जो तो काहीतरी सांगतो. कापूर वासाला चांगला, वेखंड किड्यांना चांगलं, कडुनिंबाचा पाला तसाच, पण यातलं काहीही ओल ओढत नाही. लाकडी कोळसा वास धरतो आणि ओल थोडी धरतो, पण आठवड्याने उन्हात टाकावा लागतो नाहीतर तो नुसता काळा दगड. जाडं मीठ खरंच ओल ओढतं, पण पाणी होतं, म्हणून वाटीत न ठेवता जुन्या गाळणीत ठेवून खाली वाटी ठेवायची, मीठ वर राहतं नि पाणी खाली पडतं, ते पाणी मोरीत ओता, झाडाच्या मुळात नको. कळीचा चुना पण ओल ओढतो पण त्याला पाणी लागलं की भयंकर तापतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जायचा, घरात लहान पोरं येणार असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बाजारात कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते मिठासारखंच काम जास्त जोरात करतात. पण एक लक्षात घ्या, हे सगळं बंद कपाटापुरतं. अख्ख्या खोलीत वाटीभर मीठ ठेवून काही होत नाही, आमच्या एका पाहुण्या काकूंनी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार वाट्या ठेवल्या होत्या, सकाळी चार वाट्या पाणी आणि मुंग्या.

पूर्वी लोक कपाटात साधा पंधरा वॉटचा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेने ओल जायची. जायची हे खरं, पण कपड्याला टेकला तर पेटायची भीती, आणि आता एलईडीला ती ऊब पण नसते. सोडून द्या.

भिंतीवरची बुरशी असेल तर वरून रंग मारू नका, रंगासकट गळून येते. खरवडून, वाळवून, मग चुना. जुन्या घरांना दरवर्षी चुना का लावायचे ते यात आहे, ओला चुना इतका खारा की त्यावर बुरशी टिकत नाही, आणि भिंतीतली ओल पण बाहेर पडू देतो. ऑइलपेंटने ती आत कोंडून राहते.

गाद्या. कापसाच्या असतील तर उन्हाची तिरीप आली की दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास, मध्ये काठीने झोडा, झोडताना तोंड फिरवून. भाद्रपदात ऊन एका वेळी अर्धा-पाऊण तासच येतं, मग ढग, त्यामुळे कुणीतरी एक माणूस गाद्यांवर नजर ठेवून बसवावा लागतो, आमच्याकडे हे काम सासऱ्यांचं होतं आणि ते पेपर वाचता वाचता दरवर्षी एक तरी गादी भिजवायचे. वरवरच्या कुबट वासाला तुमचा सोडा उपयोगी, चाळणीने गादीवर भुरभुरवा, दोन-तीन तास ठेवा, ब्रशने झटका. वास कमी होतो, जातो असं म्हणणार नाही. काळे ठिपके आत कापसापर्यंत गेले असतील तर गादी पिंजून घ्या किंवा टाकून द्या, पाहुण्यांना त्यावर झोपवू नका.

आता समई-ताम्हण. हा माझा आवडता विषय, कारण इथे निकाल डोळ्यांसमोर दिसतो.

लोक चुकतात ते क्रमात. समईवर वर काजळी, खाली जुन्या तेलाचा चिकट थर आणि त्याच्याखाली पितळेचा काळपटपणा. तुम्ही थेट चिंच घासायला घेतली तर चिंच तेलावरून घसरते, धातूपर्यंत पोचतच नाही, मग माणूस म्हणतो चिंचेने काही होत नाही, त्यापेक्षा पितांबरी आणा. आणा की, मी पण घाईच्या वेळी तीच वापरते, पण तिच्या आधीही तेल काढावंच लागतं. तर आधी कढत पाणी नि धुण्याचा सोडा, खायचा नाही, धुण्याचा, तो जास्त जोराचा असतो. हातमोजे घालून एक बादली पाण्यात दोन-तीन चमचे टाका, समईचे भाग सुटे करून अर्धा तास बुडवा, वातीच्या खाचा जुन्या टूथब्रशने काढा. धुवून घ्या. आता धातू उघडा झाला, आता चिंच आणि जाडं मीठ. किंवा आमसुलं, आमटीत उकळून उरलेली सालं पण चालतात, सोलकढीसाठी पिळून झालेल्या सालांना तर मी कधीच फेकत नाही. परसात बिलिंबी असेल तर प्रश्नच मिटला, पिकलेली दोन फळं चिरून घासा, तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं, बाजारात गंजाचे डाग काढायला जे विकत मिळतं त्यातलंच, त्यामुळे तांबं असं निघतं की बघत राहावं.

पण चमकलं म्हणून तसंच ठेवून पुढच्या भांड्याकडे वळलात तर संध्याकाळपर्यंत गुलाबी-काळे पट्टे. आंबट धातूवर राहता कामा नये. लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, शेवटचं पाणी थोडं सोड्याचं असलं तर उत्तम म्हणजे उरलंसुरलं आंबट मरतं, आणि लगेच कोरड्या कापडाने पुसायचं. निथळत ठेवायचं नाही, पुसायचं. आमच्या हवेत ओलं ठेवलेलं पितळ दोन दिवसांत परत काळं, हे मी मोजून सांगते. म्हणून चतुर्थीच्या चार दिवस आधी समया घासू नका, आदल्या दिवशी दुपारी घासा, हरितालिकेची पूजा आटपली की.

आतून कल्हई केलेली पातेली असतील तर आतल्या बाजूला ना चिंच ना राख ना सोडण, कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो तसाच झिजत असतो, तुम्ही त्याला मदत करू नका. आतून नुसतं साबणाचं पाणी नि मऊ फडकं.

चांदीचं पूजेचं काही असेल तर त्याला चिंच लावू नका आणि दंतमंजन तर अजिबात नको, त्याने चकाकतं पण बारीक चरे पडतात. ॲल्युमिनियम फॉइल चकाकती बाजू वर करून पसरट भांड्यात ठेवा, वर चांदीच्या वस्तू फॉइलला टेकतील अशा, लिटरभर कढत पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून ते ओता. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग, ते गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी चांदीच राहते, म्हणजे घासून झिजत नाही. किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो, घाबरू नका. जिथे नक्षीत मुद्दाम काळा रंग भरलाय असे दागिने, मोत्याची नथ, खडे बसवलेलं काही, हे त्यात टाकायचं नाही. पोरींना आधी सांगा, त्या उत्साहात सगळं टाकतात.

ॲल्युमिनियमची पातेली सोड्यात टाकू नका, काळी पडतात. ती काळी झालीच असतील तर लिंबाची सालं घालून पाणी उकळा, काळेपणा निघतो. उलट स्टीलचं दूध करपलेलं पातेलं सोड्याचं पाणी घालून दहा मिनिटं उकळा, थंड झालं की थर आपोआप सुटतो. म्हणजे स्टीलला सोडा आणि ॲल्युमिनियमला आंबट.

नळांवरचे पांढरे थर. हा विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्यातला क्षार, बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट. साबणाने आयुष्यभर घासलात तरी जाणार नाही. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व, त्यात जुनं फडकं बुडवून नळाला गुंडाळा, अर्धा तास ठेवा, हाताने पुसलं तरी निघतं. शॉवरला तेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रबरबँडने बांधून ठेवा. चहाच्या किटलीत उकळून घ्या. फार वेळ मात्र ठेवू नका, क्रोमचा मुलामा जुना असेल तर तो पण उडतो, नंतर ताजं पाणी दोनदा मारून धुवा.

आता सावध राहायची जागा. हेच आंबट पाणी फरशीवर सांडू देऊ नका. शहाबादी आणि कडप्पा, दोन्ही चुनखडकाच्या जातीचे, संगमरवर पण त्याच कुळातला, आंबट लागलं की तिथली चमक उडून पांढरट चट्टा राहतो आणि तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, मग तो कशानेच जात नाही. माझ्या कडप्प्याच्या ओट्यावर एक अर्धगोल आहे, २०११ साली अर्धं लिंबू उपडं ठेवून मी मासे आणायला गेले आणि बाजारात गप्पा मारत बसले. तो अर्धगोल अजून आहे.

माशांवरून आठवलं. तुम्ही हर्णैला लिलावात जाऊन सुरमई आणणारच, गणपतीच्या आधी नाही तरी नंतर. माशांचा वास हाताला, विळीला, सिंकला राहतो तो खाराच्या जातीचा असतो, म्हणून त्याला आंबट लागतं. आमटीत आपण कोकम घालतो त्यातही थोडा हाच कारभार आहे. हाताला लिंबाची साल नाहीतर चिंचेचा चोथा चोळा, मग साबण. आमसुलाने बोटं लाल होतात तेवढं बघा. आणि माशांची भांडी, अंड्याची भांडी, रक्ताचे डाग, हे सगळं आधी गार पाण्याने! गरम पाणी आधी घातलं की ते तिथेच शिजून चिकटतं आणि वास आठ दिवस. हे मी एका कोळीण मावशीकडून शिकले, मी गरम पाणी ओतताना बघून ती जी काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फ्रिज तुम्ही बंद करून गेलात का आणि दार कसं ठेवलंत हे तुम्ही लिहिलं नाहीये. बंद करून दार पण लावून गेला असाल तर उघडायच्या आधी मन घट्ट करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, आणि माझ्या फ्रीझरमध्ये तीन किलो कोलंबी होती, लॉकडाऊन म्हणून साठवलेली. छपराची कौलं उडाली होती, नारळ-सुपारी आडव्या, फ्रिजकडे कोण बघतो. पंधराव्या दिवशी उघडला. तेव्हापासून मला कुठलाही वास म्हणजे काही वाटत नाही. तर उपाय असा, सगळे ट्रे-कप्पे काढून उन्हात, आतून कोमट पाण्यात सोडा घालून पुसायचं, लिटरला मोठा चमचा, दाराचं रबर ब्रशने खाचेखाचेत, आणि मागे खाली एक पाणी जमायचा ट्रे असतो तो, त्याची आठवण कुणालाच नसते आणि निम्मा वास तिथेच असतो. मग दार उघडं ठेवून आत कोळसा नि चुरगळलेले वर्तमानपत्राचे बोळे, रोज बदलून. मला बारा दिवस लागले. तुमच्याकडे चार आहेत, शेजाऱ्यांच्या फ्रिजची सोय बघून ठेवा.

खिडक्यांच्या काचा समुद्राकडच्या असतील तर त्यावर मिठाचा थर असतो. कोरडं घासू नका, चरे पडतात, आधी नुसतं पाणी मारा, मीठ विरघळून जाऊ दे, मग वर्तमानपत्र. स्लायडिंगच्या खाचेत मेणबत्ती घासली की खिडकी सरकते. बिजागऱ्यांना खोबरेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो, शिलाई मशीनचं तेल घाला.

डागांचं पटकन सांगते. तांबड्या मातीचा डाग ओला असताना चोळायचा नाही, पूर्ण वाळू दे, झटका, मग गार पाणी नि साबण. ब्लीच नको, त्या मातीचा रंगच मुळी लोखंडाच्या गंजाचा, ब्लीचने तो जास्त पक्का होतो. पिवळट राहिलंच तर लिंबू-मीठ लावून उन्हात. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, तो बिघडला नाही, हळद खाराला तशीच वागते, धुवून उन्हात टाका, उन्हाने हळदीचा रंग मरतो. फणसाचा चीक हाताला-सुरीला असेल तर पाणी नाही, आधी खोबरेल. आणि काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग जात नाही. मी ताक, लिंबू, ऊन, सोडा सगळं करून बघितलंय, तो परकर आता जमीन पुसायला आहे.

अंगणातल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी वाटेवर, शेवाळ धरलं असेल, म्हातारी माणसं येणार असतील तर ते आधी बघा, गणपतीत इथे हाडं मोडतात ती शेवाळावरूनच. तारेचा ब्रश आणि ग्रामपंचायतीकडे मिळते ती टीसीएल, विहिरीत टाकतात ती पावडर, रात्री भुरभुरवून सकाळी घासायचं, पाऊस नसताना, विहिरीपासून नि झाडांपासून लांब. तोवर झावळ्या आडव्या टाकून ठेवा, पाय घसरत नाही.

आणि या टीसीएलबद्दल, हे मात्र गमतीत घेऊ नका. ब्लीच असो की टीसीएल, ती कुठल्याही आंबटाला लागता कामा नये, व्हिनेगर नाही, लिंबूसत्त्व नाही आणि संडास धुवायचं ॲसिडचं लिक्विड तर मुळीच नाही. क्लोरीन वायू सुटतो. २००९ साली मी पाहुणे यायचे म्हणून घाईत संडासात आधी ते लिक्विड टाकलं आणि वर पांढरं होईल म्हणून टीसीएल. खिडकी एवढीशी. दोन श्वासांत छाती आवळली, डोळ्यांतून पाणी, कशीबशी बाहेर आले, तीन दिवस खोकत होते. एक दिवस एक, भरपूर पाणी ओतून, दुसऱ्या दिवशी दुसरं. अमोनियाची कुठली वस्तू असेल तर तिच्याबरोबरही नाही. तुमच्याबरोबर येणाऱ्या पोरांना, कामाला येणाऱ्या मावशींना, सगळ्यांना हे आल्या आल्या सांगा.

मोरीच्या पाइपात सोडा-व्हिनेगर ओतू नका हे आता वेगळं सांगायला नको. तेल साठलेलं असेल तर धुण्याचा सोडा नि गरम पाणी, उकळतं नाही, पीव्हीसीचे सांधे ढिले होतात. केस अडकले असतील तर तार, त्याला दुसरा उपाय नाही.

विसर्जन करून परत निघाल तेव्हा पाऊस संपलेला नसेल, म्हणून जाताना एवढं करा. गाद्या उभ्या करून ठेवा, एकावर एक नको. कपाटाची दारं उघडी. समया-ताम्हण पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात. बेसीनच्या आणि मोरीच्या तोंडावर जड काहीतरी, झुरळं नि उंदीर तिथून येतात. शेजारच्यांकडे किल्ली द्या आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की एक दिवस सगळं घर उघडायला सांगा, त्याबद्दल त्यांना मुंबईहून काहीतरी आणा, नुसतं थँक्यू नको. आणि फ्रिजचा प्लग काढलात की दारात अर्धी करवंटी अडकवून ठेवा, आपोआप लागत नाही.